दहावीनंतर सुटलेलं गणित आणि नर्सिंगचा डोस

जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीच्या डिप्लोमाला, बारावी कला शाखेतूनही प्रवेश मिळतो. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, गणित लागत नाही. त्यामुळे उपकेंद्रावर एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) म्हणून काम करून जीएनएमला आलेली किंवा जीएनएमनंतर नोकरी, संसार सांभाळून पोस्ट बेसिकला (जीएनएमनंतरच्या बीएस्सी नर्सिंगला) बसलेली बाई शेवटचं गणित दहावीच्या पेपरात सोडवून आलेली असते. मधल्या पंधरा वर्षांत तिची गेली ती फक्त सवय. ती परत आणता येते, आणि त्यासाठी क्लास लावावा लागत नाही.

लागतं ते एवढंच: पाढे, दशांश, अपूर्णांक, शेकडेवारी आणि त्रैराशिक. बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती यांतलं काही नाही. नर्सिंग रिसर्च या विषयाच्या पेपरात थोडं संख्याशास्त्र येतं, त्याचं शेवटी बघू.

आधी कुठे अडतंय ते शोधा

"माझं गणितच कच्चं आहे" असं म्हणून पहिल्यापासून सगळं करायला घेतलं की आठवड्यात कंटाळा येतो आणि वही बंद होते. त्याआधी ही आठ गणितं कॅल्क्युलेटरशिवाय, घड्याळ न लावता करा.

१. ०.२५ ग्रॅम म्हणजे किती एमजी?
२. ३०० मायक्रोग्रॅम म्हणजे किती एमजी?
३. ६० ÷ ०.५
४. ०.४ × २.५
५. ५०० ÷ २४, एका दशांश स्थळापर्यंत
६. २० चे तीन चतुर्थांश
७. ०.०८ आणि ०.१ यांत मोठं कोण?
८. पावणेतीन तास म्हणजे किती मिनिटं?

उत्तरं: २५०, ०.३, १२०, १, २०.८, १५, ०.१, १६५.

पहिलं-दुसरं चुकलं तर एकक बदलणं कच्चं आहे. तिसरं, चौथं, सातवं चुकलं तर दशांश. पाचवं चुकलं तर पाढे आणि भागाकार, सहावं चुकलं तर अपूर्णांक. आठव्यात "२.७५ तास" लिहून थांबलात तर वेळेची गणितं वेगळी करावी लागतील. जे चुकलं तेवढंच धरा. बालभारतीची पाचवी ते सातवीची गणिताची पुस्तकं यासाठी पुरेशी आहेत. घरात मुलांची असतील तर तीच घ्या. त्यातलं दशांश अपूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण आणि शेकडेवारी एवढंच करा, बाकीची पानं उलटा. मुलांच्या पुस्तकातून शिकण्यात कमीपणा वाटून घेऊ नका, डोसचं सगळं गणित त्याच तीन प्रकरणांवर उभं आहे.

दशांशाची भीती: पाव, पाऊण, सव्वा

भाजीवाल्याकडे "साठ रुपये किलो, पाऊण किलो द्या" म्हटल्यावर पंचेचाळीस रुपये पर्समधून आपोआप निघतात. तीच बाई ०.७५ × ६० कागदावर पाहिलं की थबकते. म्हणून पहिले तीन-चार दिवस दशांश चिन्ह मराठीत वाचा: ०.२५ पाव, ०.५ अर्धा, ०.७५ पाऊण, १.२५ सव्वा, १.५ दीड, २.५ अडीच, ३.५ साडेतीन. १२५ एमजीचं सिरप म्हणजे सव्वाशे, २५० म्हणजे अडीचशे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ करून घेत. घरात कुणा आजींना येत असेल तर म्हणायला सांगा, कारण डोस मोजताना रोज वापरायला यासारखं हत्यार नाही.

दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या बसवाव्या लागतात. एकापेक्षा लहान संख्येने भागलं की उत्तर वाढतं. ६० ÷ ०.५ चं उत्तर ३० लिहिणं ही फार नेहमीची चूक आहे, कारण "भागाकार म्हणजे कमी होणार" असं मन धरून बसलेलं असतं. अर्ध्या-अर्ध्या एमजीच्या गोळ्या आहेत आणि ६० एमजी द्यायचं आहे, तर किती गोळ्या? असं विचारलं की १२० दिसायला लागतं. दुसरी गोष्ट, दशांश चिन्हानंतर जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या नव्हे. तुलना करण्याआधी दोन्हीकडे स्थळं सारखी करा. ०.०८ आणि ०.१० असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

लिहिण्याची शिस्तही आत्ताच लावा. चिन्हाआधी शून्य लिहायचंच: ०.५. नुसतं .५ लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, तर वाचणारी ५ वाचते, म्हणजे दहापट. उलट ५ ला ५.० लिहायचं नाही, ते ५० वाचलं जातं. युनिट हा शब्द पूर्ण लिहा, कारण इंग्रजी यू हे अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं.

एकक आधी, आकडे नंतर

१ ग्रॅम = १००० एमजी. १ एमजी = १००० मायक्रोग्रॅम. १ लिटर = १००० एमएल. मोठ्या एककाकडून लहानाकडे जाताना १००० ने गुणायचं, लहानाकडून मोठ्याकडे जाताना भागायचं. एवढंच आहे, पण सर्वांत जास्त मार्क इथेच जातात. डॉक्टरांची ऑर्डर ग्रॅममध्ये असते, औषधाचं लेबल एमजीमध्ये, आणि विद्यार्थिनी आकडे पाहून थेट भागाकाराला लागते.

उपाय असा, की गणिताची पहिली ओळ नेहमी एककाची. ऑर्डर ०.५ ग्रॅम, गोळी २५० एमजीची. पहिली ओळ: ०.५ ग्रॅम = ५०० एमजी. मगच ५०० ÷ २५० = २ गोळ्या. ही ओळ उत्तर सरळ दिसत असलं तरी सोडू नका.

मांडणी एकच: त्रैराशिक

इंग्रजी पुस्तकांत डोससाठी तीन-चार सूत्रं दिलेली असतात आणि परीक्षेत त्यांचीच सरमिसळ होते. सगळ्यांच्या तळाशी शाळेतलं त्रैराशिक आहे. "इतक्यात इतकं, तर इतक्यासाठी किती?"

जेंटामायसिनचं अँप्युल (इंजेक्शनची काचेची कुपी) घ्या. लेबलवर ८० एमजी / २ एमएल असतं. ऑर्डर ६० एमजी.

८० एमजी : २ एमएल
६० एमजी : किती?
६० × २ ÷ ८० = १.५ एमएल

एमजीखाली एमजी आणि एमएलखाली एमएल आलं पाहिजे. ही रांग चुकली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून एकक प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

गणित करण्याआधी एक अंदाज बोटावर करा: पूर्ण अँप्युल लागेल, कमी लागेल, की जास्त? इथे ६० हे ८० पेक्षा कमी, म्हणजे २ एमएलपेक्षा कमी यायला हवं. उत्तर २.६७ आलं तर ६० आणि ८० ची अदलाबदल झाली आहे, हे वही न तपासता कळतं. एका डोसला चार अँप्युल किंवा सहा गोळ्या लागतायत असं निघालं, तर थांबून ऑर्डर पुन्हा वाचायची. क्वचित ते बरोबर असतं, बहुतेक वेळा दशांश सरकलेला असतो.

लेबल वाचताना नजर फसते ती अशी: ८० हा आकडा ठळक असतो, २ एमएल त्याच्या बाजूला बारीक. घाईत डोळा "८० एमजी" एवढंच उचलतो आणि मन पुढे "दर एमएलला" जोडून टाकतं. मग ६० एमजीसाठी पाऊण एमएल लोड होतं, म्हणजे अर्धाच डोस. लेबल मोठ्याने, पूर्ण वाक्यात वाचा: "दोन एमएलमध्ये ऐंशी एमजी."

पावडरच्या वायलला मात्र आपण किती पाणी घातलं त्यावर प्रमाण ठरतं. १ ग्रॅम सेफ्ट्रियाक्झोनमध्ये १० एमएल घातलं तर गणितापुरतं १ एमएलमध्ये १०० एमजी धरतात. प्रत्यक्षात पावडरही थोडी जागा घेते, म्हणून लहान बाळाच्या डोसला कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं प्रमाण बघायचं.

उत्तर जवळच्या मापावर आणण्याचं (राउंडिंगचं) काम शेवटच्या ओळीत, एकदाच. गोळी अर्ध्यापर्यंत (तीही मध्ये रेघ असेल तरच), थेंब पूर्ण संख्येत, एमएल सिरिंजवरच्या रेघेपर्यंत. २ एमएलच्या सिरिंजवर ०.१ च्या रेघा असतात, ५ एमएलच्या सिरिंजवर साधारण ०.२ च्या. दोन आकड्यांमध्ये किती घरं आहेत ते मोजल्याशिवाय एक रेघ म्हणजे किती, हे ठरवू नका.

वजनावरचे डोस: "पर" म्हणजे "दर"

इंग्रजी प्रश्नातला "पर" हा शब्द जिथे दिसेल तिथे "दर ... ला" म्हणा. "एमजी पर केजी पर डे" म्हणजे दर किलोला, दर दिवसाला इतके एमजी. असं वाचलं की काय करायचं ते वाक्यच सांगतं: किलोने गुणा, मिळेल ते दिवसाचं.

बाळ १५ किलो. अमॉक्सिसिलिन ४० एमजी, दर किलोला दर दिवसाला, तीन डोसमध्ये विभागून. सिरप ५ एमएलमध्ये १२५ एमजी.

१५ × ४० = ६०० एमजी दिवसाला
६०० ÷ ३ = २०० एमजी एका वेळी
२०० × ५ ÷ १२५ = ८ एमएल एका वेळी

मधली ओळ विसरली तर एका वेळी २४ एमएल येतं, तिप्पट. उलटही होतं: पॅरासिटामॉल १५ एमजी दर किलोला दर डोसला असं सांगितलेलं असतं आणि कुणी त्यालाही तीनने भागतं. १२ किलोच्या बाळाला एका वेळी १८० एमजी. त्याचे १२५ एमजीच्या सिरपने ७.२ एमएल, २५० एमजीच्या सिरपने ३.६ एमएल, आणि १ एमएलमध्ये १०० एमजी असलेल्या ड्रॉप्सने फक्त १.८ एमएल होतात. औषध एकच, बाटल्या तीन, मापं तीन. म्हणून आईला "दोन चमचे द्या" असं सांगण्याआधी बाटली हातात घेऊन बघायची.

पंपावरच्या (तासाला ठरावीक एमएल सोडणाऱ्या यंत्रावरच्या) औषधात तीन एककं एकदम येतात. पेशंट ६० किलो, डोपामिन ५ मायक्रोग्रॅम दर किलोला दर मिनिटाला. २०० एमजीचं अँप्युल ५० एमएलपर्यंत भरलेलं.

५ × ६० = ३०० मायक्रोग्रॅम मिनिटाला
३०० × ६० = १८००० मायक्रोग्रॅम तासाला = १८ एमजी तासाला
२०० ÷ ५० = १ एमएलमध्ये ४ एमजी
१८ ÷ ४ = ४.५ एमएल तासाला

इथे योगायोगाने ६० दोनदा आलंय, एकदा किलोचं आणि एकदा मिनिटांचं, आणि विद्यार्थिनी "६० ने गुणून झालं" म्हणून दुसरं सोडतात. शेजारी एकक लिहिलेलं असेल तर ही चूक होत नाही.

टक्के आणि मॅगसल्फ

टक्के म्हणजे १०० एमएलमध्ये इतके ग्रॅम. ५% डेक्स्ट्रोजच्या ५०० एमएलमध्ये २५ ग्रॅम साखर. ०.९% सलाईनच्या ५०० एमएलमध्ये ४.५ ग्रॅम मीठ. १:१००० म्हणजे १००० एमएलमध्ये १ ग्रॅम, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिनच्या १ एमएलमध्ये १ एमजी. १:१०००० मध्ये त्याचा दहावा भाग, कारण तेवढंच औषध दहापट पाण्यात आहे.

लेबर रूमचं मॅग्नेशियम सल्फेट (मॅगसल्फ) हे या प्रकरणाचं सर्वांत उपयोगी उदाहरण. ५०% म्हणजे १०० एमएलमध्ये ५० ग्रॅम, १ एमएलमध्ये अर्धा ग्रॅम, २ एमएलच्या एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम. दोन्ही बाजूंना ५-५ ग्रॅम आयएम (स्नायूत) द्यायचं तर एका बाजूला १० एमएल, म्हणजे पाच अँप्युल. दोन्ही मिळून दहा.

शिरेतून द्यायच्या ४ ग्रॅमला २०% द्रावण लागतं. ४ ग्रॅम म्हणजे ५०% चे ८ एमएल. २०% म्हणजे १०० एमएलमध्ये २० ग्रॅम, तर ४ ग्रॅमसाठी एकूण २० एमएल हवं. म्हणून ८ एमएल औषध आणि १२ एमएल पाणी किंवा सलाईन. इथे "२० एमएल करा" आणि "२० एमएल घाला" यांतला फरक न कळल्याने ८ मध्ये २० घालून २८ एमएल केलं जातं. पातळ करण्याच्या प्रत्येक गणितात आधी एकूण किती हवं ते लिहा, त्यातून औषध वजा करा, उरेल ते पाणी.

सलाईनचे थेंब

मिनिटाला थेंब = एकूण एमएल × सेटचे थेंब ÷ एकूण मिनिटं. सेट म्हणजे सलाईनची नळी; तिच्यातून १ एमएलला किती थेंब पडतात तो आकडा पाकिटावर छापलेला असतो. आपल्याकडच्या साध्या सेटला बहुधा १ एमएलला २० थेंब, काहींना १५, मायक्रोड्रिपला ६०. प्रश्नात दिलेला नसेल तर कोणता धरला ते उत्तरात लिहा.

आरएल (रिंगर लॅक्टेट) ५०० एमएल, ६ तासांत, २० चा सेट: ५०० × २० ÷ ३६० = २७.८, म्हणजे २८ थेंब.

वॉर्डमध्ये उभ्याने करायची रीत याहून सोपी आहे. आधी तासाला किती एमएल ते काढा, मग २० च्या सेटला ३ ने भागा, १५ च्या सेटला ४ ने, आणि मायक्रोड्रिपला भागायचंच नाही. ५०० ÷ ६ म्हणजे सुमारे ८३, त्याला ३ ने भागून २८. हे ३ आणि ४ कुठून आले? तासाची ६० मिनिटं, त्याला सेटच्या थेंबांनी भागलं: ६० ÷ २० = ३. एवढं कळलं की पाठ करावं लागत नाही.

थेंब मोजतानाही एक बारीक चूक होते. घड्याळ चेंबरच्या शेजारी, डोळ्यांच्या पातळीवर धरा. सेकंदकाटा बाराला आला त्या क्षणी पडलेला थेंब "शून्य" म्हणा, पुढचा "एक". त्यालाच "एक" म्हटलं तर १५ सेकंदांत एक थेंब जास्त मोजला जातो आणि चारने गुणल्यावर मिनिटाला चार जास्त दिसतात. २८ हवे असताना प्रत्यक्षात २४ चालू राहतात, आणि सलाईन तासाभराने उशिरा संपतं. शंका असेल तर पूर्ण मिनिट मोजा.

उलटा प्रश्नही विचारतात. दुपारी २:३० ला ५०० एमएल लावलं, २० चा सेट, मिनिटाला ४० थेंब, कधी संपेल? ४० थेंब म्हणजे मिनिटाला २ एमएल. ५०० ÷ २ = २५० मिनिटं. २५० ÷ ६० कॅल्क्युलेटरवर ४.१६ दिसतं आणि "४ तास १६ मिनिटं" लिहिलं जातं. तो .१६ तासाचा भाग आहे, मिनिटं नव्हेत. भागाकार हाताने करा: ६० × ४ = २४०, बाकी १०. म्हणजे ४ तास १० मिनिटं, संध्याकाळी ६:४०.

सलाईन मागे पडलंय असं दिसलं तर गणित करून वेग स्वतःच वाढवायचा नाही, सिस्टर इन्चार्ज किंवा डॉक्टरांना विचारायचं. हृदयाच्या, किडनीच्या आणि लहान पेशंटला राहिलेलं भरून काढणं महागात पडतं.

इन्सुलिन

वायल ४० युनिटची (म्हणजे १ एमएलमध्ये ४० युनिट) आणि सिरिंजही ४० ची असेल तर गणितच नाही, रेघ बघायची. आपल्याकडे ४० च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, १०० च्या सिरिंजचं केशरी, पण टोपणावर न थांबता नळीवरचा आकडा वाचायचा. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ती रेघ म्हणजे अर्धा एमएल, आणि अर्ध्या एमएलमध्ये ५० युनिट जातात. अडीचपट. तोंडी ऑर्डर असेल तर आकडा मराठीत पुन्हा म्हणा. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखे ऐकू येतात, पंधरा आणि पन्नास येत नाहीत.

सराव, ड्युटी आणि घर सांभाळून

रोज वीस मिनिटं, रोज दहा गणितं, सहा आठवडे. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा हे जास्त टिकतं. पहिला आठवडा पाढ्यांचा: २ ते १२, शिवाय १५, २०, २५ आणि ६०. दुसरा दशांश आणि एकक, तिसरा गोळ्या-सिरप-इंजेक्शन, चौथा वजनावरचे डोस आणि टक्के, पाचवा थेंब आणि वेळ, सहावा सगळ्यांची सरमिसळ. घड्याळ सहाव्या आठवड्यापर्यंत लावू नका. आधी दहापैकी दहा, वेग नंतर आपोआप येतो.

वहीच्या मागच्या पानावर चार रकाने करा: वाचन, एकक, मांडणी, आकडेमोड. प्रत्येक चुकलेलं गणित त्याच्या रकान्यात टाका. दोन आठवड्यांनी रकाने मोजा. आकडेमोडीचा रकाना बहुतेकींचा आखूडच निघतो, लांब असतात ते वाचन आणि एकक. त्यावरून पुढच्या आठवड्याची दहा गणितं ठरवा. घरातल्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, बाटल्या आणि खोकी जपून ठेवा. छापील गणितापेक्षा खरं लेबल वाचून केलेलं गणित जास्त लक्षात राहतं.

रिसर्चच्या पेपरातलं संख्याशास्त्र

यात घाबरण्यासारखं कमी आहे. मध्य म्हणजे बेरीज भागिले संख्या. मध्यक काढण्याआधी आकडे चढत्या क्रमाने लावायचे, न लावताच मधला उचलणं ही नेहमीची चूक. बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा.

प्रमाण विचलनासाठी (आकडे मध्यापासून किती पसरलेत त्याच्या मापासाठी) तक्ता करा. पाच गरोदर स्त्रियांचं हिमोग्लोबिन ८, ९, १०, ११, १२. मध्य १०. मध्यापासूनचे फरक −२, −१, ०, १, २. त्यांचे वर्ग ४, १, ०, १, ४, बेरीज १०. आता ५ ने भागायचं की ४ ने? हा गट म्हणजेच सगळी लोकसंख्या असेल तर ५, उत्तर १.४१. नमुना असेल तर एक कमी, म्हणजे ४, उत्तर १.५८. आपल्या पुस्तकात कोणतं सूत्र दिलंय ते पाहून तेच कायम वापरा आणि उत्तरपत्रिकेत सूत्र आधी लिहा. फरकांची बेरीज शून्य आली नाही तर मध्य किंवा एखादा फरक चुकला आहे, पुढे न जाता तिथूनच परत करा.